समुद्रातली प्रवाळ मोजणी आणि डोंगरातली कोरी वही : वाढवणच्या तोंडावर जव्हार-मोखाड्याने काय पाहावं?

जव्हार : वावर-वांगणी हे नाव महाराष्ट्राला माहीत झालं ते १९९२ मध्ये, बालमृत्यूंच्या बातम्यांमुळे. मुलं त्याच्या आधीही दगावत होती. फरक एवढाच की त्या वर्षी आकडा डोंगराखाली उतरला, छापून आला आणि सरकारी गाड्या डोंगर चढून वर आल्या. आता इथल्या अंगणवाडीत वजनकाटा आहे, सॅम-मॅमची यादी आहे. मुलाचं वजन वहीत चढलं नाही तर ते यादीत नाही, आणि यादीत नाही तर ग्राम बाल विकास केंद्रातला जादा आहारही नाही. नोंद नसेल तर सरकारच्या लेखी ती गोष्टच नसते, हे वांगणीच्या माणसाला शहरातून येऊन कोणी शिकवायची गरज नाही.

समुद्राच्या बाबतीतही हेच घडतंय. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला प्रवाळ आहे, हे बरीच वर्षं अनेक सरकारी कागदांच्या गावीही नव्हतं. ते कागदावर आणण्यात शास्त्रज्ञांच्या बरोबरीने हौशी लोकांचा वाटा आहे. कोणी कॉलेजचा विद्यार्थी, कोणी बँकेत नोकरी करणारा, कोणी फोटोग्राफीचा नाद असलेला. सुट्टीच्या दिवशी ओहोटी गाठून खडकांवर उतरणारे, किंवा पदरचे पैसे खर्चून पाण्याखाली जायला शिकलेले. त्यांना या कामाचा पगार नाही. पण त्यांनी केलेली नोंद थेट उच्च न्यायालयातल्या वादापर्यंत पोहोचली.

पालघर जिल्ह्याच्या एका कडेला वाढवण बंदर होऊ घातलंय. त्या बंदराला समृद्धी महामार्गाशी जोडणारा रस्ता जव्हार-मोखाड्यातून जाणार आहे. अशा वेळी या स्वयंसेवी मोजणीत काय साधलं आणि कुठे ती कमी पडली, हे डोंगरातल्या तालुक्यांनीही बघून ठेवायला हवं.

दगड नव्हे, जनावर

प्रवाळ म्हटलं की इथे आठवतं ते ज्योतिषाने सांगितलेल्या अंगठीतलं पोवळं. ते याच्याच दूरच्या नात्यातलं. खडकासारखा दिसणारा प्रवाळ म्हणजे हजारो बारक्या जिवांची वसाहत. प्रत्येक जीव स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो, मेला की घर उरतं, त्यावर पुढची पिढी बांधते. या जिवांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं, त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं आणि प्रवाळाला रंगही त्यामुळेच येतो. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही. पण उपाशी राहतो, आणि ताप लांबला तर मरतो.

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेची हवामान व समुद्रविषयक संस्था नोआ आणि आंतरराष्ट्रीय प्रवाळ मंडळाने जगभरातली चौथी मोठी विरंजनाची लाट जाहीर केली. वर्षभराने आलेला आकडा असा की, जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळ क्षेत्राला विरंजन होण्याइतका ताप लागला. भारतात लक्षद्वीपला त्याचा मोठा तडाखा बसला. लक्षद्वीपमध्ये संशोधकांनी १९९८ पासून त्याच त्याच जागी जाऊन नोंदी ठेवल्या होत्या. म्हणून तर सांगता आलं की २४ वर्षांत तिथलं प्रवाळाचं आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास आलं. १९९८ ची वही नसती, तर आज कोणी म्हणू शकलं असतं की इथे पहिल्यापासून एवढंच होतं.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर लक्षद्वीपसारखी रंगीत बाग दिसत नाही. प्रवाळाला स्वच्छ, उजेड शिरेल असं पाणी लागतं. आपल्या नद्या पावसाळ्यात सह्याद्रीची माती घेऊन उतरतात. मोखाड्याच्या बाजूची वैतरणा असो की दमणगंगेला मिळणारी वाघ नदी, पहिल्या पुराला त्यांचं पाणी कसं गढूळ असतं ते इथे सगळ्यांनी पाहिलंय. ती माती शेवटी किनाऱ्याला जाते. त्यामुळे उत्तर कोकणात जे प्रवाळ टिकलेत ते चिवट जातींचे, छोटे, खडकाला चिकटून असलेले. दुरून पाहिलं तर शेवाळलेला धोंडाच वाटतो, आणि म्हणूनच तो मोजणीतून सुटतो.

ओळंबा, टेप आणि पाटी

प्रवाळाची स्वयंसेवी गणना जगभर पसरली ती १९९७ च्या सुमारास. रीफ चेक नावाच्या उपक्रमाने त्या वर्षी ३० हून अधिक देशांत एकाच पद्धतीने मोजणी करवून घेतली. शास्त्रज्ञ मूठभर आणि समुद्र अफाट, म्हणून हौशी पाणबुड्यांना शिकवून कामाला लावायचं, ही त्यामागची कल्पना.

पद्धत आपल्या गवंड्याला लगेच कळेल अशी आहे. तळाशी १०० मीटरची टेप अंथरायची. तिचे २० मीटरचे चार तुकडे धरायचे, मध्ये पाच-पाच मीटर सोडायचे. प्रत्येक तुकड्यात दर अर्ध्या मीटरला ओळंबा सोडायचा आणि तो जिथे टेकेल तिथे काय आहे ते पाण्यात चालणाऱ्या पाटीवर पेन्सिलने लिहायचं : जिवंत कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकताच मेलेला, शेवाळ, स्पंज, खडक, तुकडे, वाळू, गाळ. एका तुकड्यात ४० नोंदी, चार तुकड्यांत १६०. मग त्याच टेपच्या दोन्ही बाजूंनी ठराविक पट्ट्यात हेकरू किती, शेवंडी किती, फुलपाखरू मासे किती, ते मोजायचं.

नवशिक्याची चूक ठरलेली असते. त्याची नजर सुंदर प्रवाळाकडे जाते आणि ओळंबा नकळत तिकडे सरकतो. पण वाळूवर टेकलेला ओळंबाही तितकाच मोलाचा असतो. शेतकऱ्याला हे पीक कापणी प्रयोगातून ठाऊक आहे. कापणीचा प्लॉट शेतातल्या चांगल्या कोपऱ्यात घेतला तर पैसेवारी चढते आणि नुकसानभरपाई बुडते. वाईट कोपऱ्यात घेतला तर विमा कंपनी ओरडते. म्हणून जागा चिठ्ठीने ठरते. टेपवरचा ओळंबाही त्यासाठीच, माणसाच्या मनाला मध्ये येऊ न देण्यासाठी.

याहून सोपी एक पद्धत ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातून आली. कोरल वॉच हा तो उपक्रम. हातात रंगांच्या छटा छापलेला एक तक्ता, तो प्रवाळाशेजारी धरायचा आणि सगळ्यात फिकट व सगळ्यात गडद भागाचा रंग कुठल्या घराशी जुळतो ते लिहायचं. कृषी खात्याचा भातासाठीचा लीफ कलर चार्ट ज्यांनी वापरलाय, पानाचा रंग लावून युरिया किती द्यायचा ते ठरवलंय, त्यांना हे शिकायला अर्धा तास पुरे.

या कामाला मर्यादाही आहेत, आणि शास्त्रज्ञ त्यावर बोट ठेवतात ते बरोबरच आहे. हौशी माणूस जात ओळखताना चुकतो. यंदा आलेला पुढच्या वर्षी येत नाही. शिवाय सगळे जिथे पोहोचणं सोपं आहे तिथेच जातात, म्हणून त्याच चार जागांच्या नोंदी जमतात आणि बाकीचा किनारा कोराच राहतो. महाराष्ट्राला याचं घरचं उदाहरण आहे : बुद्धपौर्णिमेची पाणवठ्यावरची प्राणीगणना. मचाणावर रात्र काढायला लोक हौसेने जातात, अनुभव छान असतो, पण त्यातून वन्यप्राण्यांची खरी संख्या निघत नाही. वन विभागही आता त्याला 'निसर्गानुभव' म्हणतो. त्यात वाईट काही नाही. फक्त अनुभव आणि गणना यांची सरमिसळ होऊ नये. प्रवाळाच्या नावाने निघणाऱ्या कित्येक सहलींना हाच निकष लावायला हवा : परत आल्यावर पाटीवरचे आकडे कुठल्या वहीत गेले, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी कोण जाणार?

हाजीअलीचे अठरा

मुंबईत २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई या गटाने ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फेऱ्या सुरू केल्या. यात पाण्याखाली जायचं नव्हतं. उधाणाच्या दिवसांत पाणी खूप मागे हटतं तेव्हा गुडघाभर डबक्यांत वाकून बघायचं, फोटो काढायचा, जागा-वेळ लिहायची आणि सगळ्यांना बघता येईल अशा नोंदीच्या संकेतस्थळावर टाकायचं. पुढे तज्ज्ञ जात ओळखतो. गिरगाव, हाजीअली, वरळी अशा, लोकांनी कचराकुंडीच मानलेल्या किनाऱ्यांवर प्रवाळ, स्पंज, समुद्रफुलं, ऑक्टोपस निघाले.

नेमक्या त्याच पट्ट्यावरून मुंबई महापालिकेचा सागरी किनारा मार्ग, म्हणजे कोस्टल रोड, जात होता. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाने तिथल्या सागरी जीवांची दखलच घेतली नाही, असा याचिकाकर्त्यांचा आक्षेप होता. इथे कायदा महत्त्वाचा ठरतो. २००१ पासून भारतातले कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. त्यांना धक्का लावायचा तर परवानगी लागते. बेकायदा इजा केली तर तीन ते सात वर्षं कैद आहे. पण अनुसूची आपणहून खडकावर जाऊन उभी राहत नाही. इथे अमुक ठिकाणी प्रवाळ आहे, असं आधी कोणीतरी दाखवावं लागतं.

१६ जुलै २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकल्पाची सीआरझेड मंजुरी रद्द केली. पर्यावरण मंजुरीबरोबरच वन्यजीव कायद्याखालच्या परवानगीशिवाय काम पुढे नेता येणार नाही, असंही निकालात होतं. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. पण तोवर प्रवाळाचा प्रश्न कागदावर आला होता. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पाहणी केली, वन्यजीव विभागाची परवानगी घेतली गेली आणि २०२० च्या नोव्हेंबरात हाजीअली व वरळीच्या प्रवाळाच्या १८ वसाहती खडकापासून सोडवून दुसरीकडे हलवण्यात आल्या.

यात जिंकलं कोण? रस्ता झाला, मार्च २०२४ मध्ये त्याचा पहिला टप्पा सुरूही झाला. भरावाखाली किनाऱ्याचा किती भाग गेला, त्यापुढे १८ वसाहती म्हणजे ताटातलं लोणचं. शिवाय प्रवाळ हलवणं हा उपाय म्हणून रूढ झाला तर प्रत्येक प्रकल्प तोच दाखला देणार. 'हलवलं ना, मग झालं.' हा धोका खरा आहे.

तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. त्या खडकांवरचे स्पंज, शिंपले, खेकडे, कोळी लोकांच्या रोजच्या मासळीचा अधिवास, यातलं जे कायद्याच्या यादीत नव्हतं किंवा नोंदीत नव्हतं, त्याच्यासाठी कोणी परवानगी मागायला गेलं नाही. ज्यांचं नाव, फोटो आणि जागा लिहिली गेली होती त्या १८ वसाहतींसाठी मात्र फाइल हलली.

पैसा असेल तो बुडी मारेल

महाराष्ट्रातला सगळ्यात ओळखीचा प्रवाळ मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास. १३ एप्रिल १९८७ ला सुमारे २९ चौरस किलोमीटरचं मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं आणि तेव्हापासून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. जंगलात अभयारण्य आलं की काय काय बंद होतं हे तानसा-तुंगारेश्वरच्या आसपास राहणाऱ्या आदिवासीला विचारा. मालवणच्या मच्छीमाराची भीती तीच होती. कागदावर अभयारण्य राहिलं, लोकांच्या मनात शिरलं नाही. पुढे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जैवविविधतेचा प्रकल्प आला. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली. स्थानिक पोरं गाइड झाली, स्नॉर्कलिंगच्या बोटी वाढल्या आणि प्रवाळ पोटापाण्याचं साधन झाला. त्यासोबत नांगर टाकून प्रवाळ मोडणं, पर्यटकांनी त्यावर उभं राहणं, हे दुखणंही आलं. पण प्रवाळ मेला तर आपला धंदा मरतो हे कळणारी माणसं गावात तयार झाली, आणि ही गोष्ट अभयारण्याच्या पाटीने जमली नव्हती.

त्याही पलीकडे, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे पाण्याखालचं पठार. माथा २० मीटरच्या आसपास खोलीवर आणि पाणी स्वच्छ, त्यामुळे प्रवाळ भरपूर. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या बाहेर राज्याचा अंमल संपतो, म्हणून त्याच्या संरक्षणाचा प्रश्न दिल्लीच्या दारात जातो. तिथे जायला मोठी बोट, डिझेल, पाणबुडे, डॉक्टर सगळं लागतं. गावचा पोरगा तिथे स्वयंसेवक म्हणून जाणं कठीणच.

या क्षेत्राची खरी गोम इथे आहे. ब्रिटनमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या कोरल के कॉन्झर्व्हेशनसारख्या संस्थांनी स्वयंसेवकाने स्वतःच पैसे भरून मोजणीला यायचं, अशी रीत पाडली. त्यातून चांगलं कामही झालं. पण मग मोजणारा दूर देशातला सुखवस्तू तरुण, आणि ज्याच्या समुद्राची मोजणी होते तो कोळी बोट वल्हवणारा, जेवण रांधणारा. मोजणारा सहा आठवड्यांनी घरी जातो, वही त्याच्याबरोबर जाते. आपल्याकडेही स्कूबाचा साधा कोर्स काही हजारांत जातो. वीटभट्टीवर उचल घेऊन जाणाऱ्या घरातल्या मुलाने तो कसा करायचा? डहाणू-तलासरी पट्ट्यातले कितीतरी आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून महिनोन् महिने समुद्रावर असतात. जाळ्यात काय येतं, कुठल्या खडकाला जाळं अडकतं, कुठला मासा आता येईनासा झाला, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? पण त्यांना खलाशी म्हणतात, स्वयंसेवक म्हणत नाहीत, आणि त्यांच्या हातात पाटी कोणी देत नाही.

वाढवण : आधीची वही कोणाकडे?

वाढवणचा इतिहास जिल्ह्याला पाठ आहे. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने इथलं बंदर नाकारलं. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने ना-हरकत दिली. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार २२० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पालघरमध्ये भूमिपूजन झालं. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत, एक-एक किलोमीटरचे नऊ कंटेनर धक्के. मच्छीमार संघटना हा भाग माशांच्या पैदाशीचा 'गोल्डन बेल्ट' असल्याचं सांगत विरोध करत आल्या. समर्थक रोजगाराचा आकडा पुढे करतात.

बंदर हवं की नको, हा वाद इथे सोडवायचा नाही. पण दोन्ही बाजूंच्या माणसाला एक प्रश्न लागू होतो. भिंत बांधली की प्रवाह बदलतो, गाळ वेगळीकडे बसतो. पाच वर्षांनी चिंचणीच्या, वरोरच्या, डहाणूच्या खडकांवर कालवं कमी झाली, शिवल्या कमी झाल्या, शेवंड दिसेनाशी झाली असं कोणी म्हणालं, तर त्याला विचारलं जाईल : आधी किती होती? ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांत बायका पिढ्यान् पिढ्या वेचणी करतात, त्यांना ते माहीत आहे. पण ते त्यांच्या बोटांत आहे, वहीत नाही. सरकारी अहवाल संस्थांनी केलेले असतात, थोड्या दिवसांच्या पाहणीचे. त्यांना उत्तर द्यायचं तर तारीख, जागा, फोटो आणि आकडा लागतो, दर महिन्याचा, त्याच जागेचा.

आणि हे काम महाग नाही. स्कूबा लागत नाही, बोट लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या दरम्यान. म्हणजे उधाणाच्या दिवसांत मोठी ओहोटी पहाटे पाच-सहाला आणि संध्याकाळी. भांगाच्या दिवसांत पाणी फारसं हटत नाही, तेव्हा जाऊन उपयोग नाही. एक दोरी, एक वही, एक मोबाइल. दोरीला दर अर्ध्या मीटरला गाठ मारली की रीफ चेकची टेप झाली. प्रवाळ निघाला तर पहिल्या अनुसूचीतला जीव नोंदला गेला; नाही निघाला तरी कालवांची आणि शेवंडांची वही तयार झाली.

जव्हारहून डहाणूचा किनारा एसटीने दोन-अडीच तासांवर. कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना वर्षाला १२० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर असतंच. त्या सात दिवसांत मंदिराचं आवार झाडणं आणि प्रभातफेरी यापलीकडे काही करायचं ठरवलं, तर किनाऱ्यावरच्या कॉलेजांबरोबर मिळून एका खडकाची दोरीवरची मोजणी सहज बसते. फक्त दर वर्षी तोच खडक, आणि वहीची एक प्रत गावाच्या ग्रामपंचायतीत, ही अट आधी घालून घ्यावी.

डोंगरातली कोरी वही

आता वळावं लागतं मोखाड्याकडे. वाढवण बंदराला इगतपुरीजवळ भरवीर येथे समृद्धी महामार्गाशी जोडणाऱ्या सुमारे १०५ किलोमीटरच्या मार्गाला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिली. हा मार्ग डहाणू, विक्रमगड, जव्हार, मोखाड्यातून पुढे नाशिक जिल्ह्यात जाणार आहे. बंदराच्या भरावाला दगड लागणार तोही जिल्ह्यातल्या डोंगरांचाच. किनाऱ्यावरच्या खडकांचा प्रश्न डोंगरावर चढून आला तो असा.

मोबदल्यात सातबाऱ्यावरची जमीन मोजली जाते, झाडं मोजली जातात, घर मोजलं जातं. पण झरा मोजला जात नाही. फेब्रुवारीपर्यंत चालणारा आणि मार्चला आटणारा पाण्याचा उमाळा, पहिल्या पावसात जिथे खेकडे निघतात तो ओहोळ, लोत, शेवळी, कोळी भाजीची रानं, मोहाची ठराविक झाडं जी अमुक पाड्यानेच वेचायची असा रिवाज आहे. यातलं काही सातबाऱ्यावर नसतं. सुरुंग लागल्यावर झरा आटला तर तो आधी होता हे सिद्ध कसं करणार?

कायद्याने यासाठी वही दिलेली आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिने केलेली लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बरीच वर्षं देशभर या वह्या झाल्याच नाहीत. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना महिन्याला दहा लाखांचा दंड सांगितला. दंड म्हटल्यावर वह्या धडाधड तयार झाल्या. मुदत पाळायच्या घाईत भरलेली वही कशी असते हे सांगायला नको. शेजारच्या गावाची यादी या गावाला लागते, पुस्तकातलं झाड शिवारात उगवतं, आणि गावातल्या म्हातारीला कोणी विचारलेलंच नसतं.

यात उलट उदाहरणही जव्हार भागातच आहे. बायफच्या मदतीने इथल्या शेतकऱ्यांनी भात, नाचणी, वरईच्या गावठी वाणांची बियाणं बँक उभी केली. कुठलं वाण कोणाकडे आहे, किती दिवसांत येतं, कुठल्या माळावर टिकतं, हे पेरणाऱ्या हातांनीच सांगितलं आणि लिहिलं गेलं. तिथे वही आणि बी एकाच घरात राहिलं, म्हणून ते टिकलं.

जव्हार आणि मोखाडा पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतात. पेसाची ग्रामसभा इथे आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ५ खाली वन्यजीव, जंगल, जैवविविधता आणि पाणलोट राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. म्हणजे नोंदवही मागायची, वाचून दाखवायला लावायची, चुकीची असेल तर ठराव करून दुरुस्त करायची, याला कोणा बाहेरच्या संस्थेची वाट बघावी लागत नाही. मालवणच्या प्रवाळासाठी पाणबुडे लागले, हाजीअलीसाठी शहरातले हौशी फोटोग्राफर लागले. झऱ्याची नोंद करायला गुराखी पुरतो. त्याने जागा दाखवायची, शाळेतल्या मुलाने मोबाइलवर फोटो आणि जागेचे आकडे घ्यायचे, दर अमावास्येला बादली भरायला किती वेळ लागतो तो घड्याळावर बघून लिहायचा. एका वर्षात बारा ओळी.

वहीत लिहिलं म्हणून सगळं वाचतं, असंही नाही. कोस्टल रोड थांबला नाही, वाढवणही थांबलेलं नाही, आणि मोखाड्याच्या डोंगरातला मार्ग एका वहीने वळेल असं कोणी सांगत असेल तर ते भाबडेपण आहे. वही असली तर मोबदल्याच्या, पर्यायी पाण्याच्या, मोरी कुठे ठेवायची याच्या चर्चेत गावाच्या हातात काहीतरी असतं, इतकंच. नसली तर मोजणी अधिकाऱ्याच्या टेपवर जे येईल तेवढंच खरं.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतेच. मार्गाच्या सीमांकनाचे दगड रोवले जाण्याआधी त्यातल्या एखाद्या सभेत ग्रामसेवकाकडे लोक जैवविविधता नोंदवहीची प्रत मागता येते. ती कपाटात सापडली, तर पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला घ्यावी. आपल्या शिवारात नसलेली झाडं तिथेच कळतील.